नानांचा कागद

चिमी हे काही खातेप्रमुखाचं नाव नव्हे, हे मान्य. तिच्या कार्डावर भलंमोठं नाव आहे, त्याखाली त्याहून मोठा हुद्दा आहे, आणि मार्केटिंगच्या अकरा माणसांना ती 'मॅडम' आहे. पण घरात ती जन्मल्यापासून चिमी, शेहेचाळिशी गाठली तरी चिमीच, आणि ही गोष्ट शेवटी घरातच जाऊन पोचते. तेव्हा आपणही तिला चिमीच म्हणू. तिला आवडणार नाही, पण तिचं प्रत्येक वेळी ऐकायचं असं काही ठरलेलं नाही.

तिची कंपनी म्हाताऱ्या माणसांसाठी वस्तू बनवते. बाथरूमच्या भिंतीला लावायच्या दांड्या, न घसरणाऱ्या चटया, उंच बैठकीच्या खुर्च्या. गेल्या वर्षापासून गळ्यात घालायचं एक बटणही. माणूस पडला की ते दाबायचं, आणि दाबलं की घरच्या चार जणांचे फोन एकदम वाजतात. वस्तू चांगली, तिच्यात खोट काढायला जागा नाही. अडचण एवढीच की लोक ती हौसेनं घेतात आणि खिळ्याला टांगून ठेवतात. गळ्यात असली तरी पडल्यावर दाबत नाहीत. का दाबत नाहीत हे शोधायचं आणि लोकांनी ते दाबावं असं त्यांच्याशी बोलायचं, हे चिमीच्या खात्याचं काम.

मार्केटिंग म्हणजे गोडगोड बोलणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिच्या टेबलाशी एक सकाळ बसून पाहावं. नऊ वाजता आकडेवाला येतो आणि काल पाठवलेला निरोप किती जणांनी उघडला आणि किती जणांनी न वाचताच उडवला ते सांगतो. सांगताना त्याचा चेहरा असा, की जणू चिमीनंच एकेकाच्या घरी जाऊन तो उडवला. त्याच्या मागोमाग चित्रकार. त्याच्या चित्रातली आजी फार हसते. "अरे, पडलीय ना ती? मग दात कशाला दाखवतेय?" तर म्हणे, रडकी आजी मोठ्या साहेबांना चालत नाही. मग कायदेवाले, ज्यांना प्रत्येक वाक्यात 'कदाचित' हवं असतं. मग विक्रीवाले, ज्यांना ते मुळीच नको असतं. दुपारी मोठ्या साहेबांचा फोन, की त्यांच्या बायकोला तो हिरवा रंग बरा वाटला नाही. या सगळ्यांच्या मधून वाट काढत, कोणाची समजूत घालत, कोणाला झापत, संध्याकाळी चिमी खुर्चीतून उठते तेव्हा दिवसभरात आपण नेमकं काय केलं हे तिला एका वाक्यात सांगता येत नाही.

या सगळ्यात तिला आधार होता तो नानांचा.

नाना म्हणजे कोणी नाही. मार्केटिंगवाल्यांकडे असा एक मनातला माणूस असतो. ज्याच्याशी बोलायचं त्याचं वय, घर, सवयी, दुखणी हे सगळं एका कागदावर लिहून काढतात, त्याला एक नाव देतात, आणि मग काहीही ठरवताना विचारतात, याला हे पटेल का? चिमीच्या खात्यात असे नाना होते. वय एकाहत्तर, बायको वारलेली, घरात एकटे, डावा गुडघा कुरकुरतो, कोणाच्या उपकाराचं ओझं घेणार नाहीत. कागद भिंतीवर लावला होता, वर चित्रकारानं काढलेला चेहरा. चार वर्षांत नाना खात्यातलेच होऊन गेले. "नानांना हे अक्षर वाचता येणार नाही." "नाना असं बोलणारच नाहीत, पैज लाव!" आकडेवाला तर एकदा सर्दी झालेल्या मुलाखतकाराला म्हणाला, "तुम्ही लांब बसा, नानांना बाधायचं," आणि मग स्वतःच ओशाळला.

त्या कागदाला चिमीनं एक नियम घातला होता, आणि तो ती जिवापाड पाळायला लावायची. नानांच्या तोंडचं एकही वाक्य बनवलेलं चालणार नाही. कोणीतरी जित्याजागत्या माणसानं खरोखर म्हटलेलं हवं, आणि शेजारच्या रकान्यात ते कोणी, कधी, कुठे म्हटलं याची नोंद हवी. दोनशे बारा म्हाताऱ्यांशी बोलून अशी तेवीस वाक्यं जमली होती. एकदा कोणीतरी चोविसावं मनानं घुसवलं, तर चिमीनं सगळ्यांसमोर ते खोडलं आणि वर दहा मिनिटं ऐकवलं.

तर बुधवारी दुपारी कॉपी लिहिणारी बाई तिच्या खोलीत आली. जाहिरातीतले शब्द लिहिणारी ही, खात्यात सहाच महिने झालेली, कामाला वाघ. आल्या आल्या तिनं लॅपटॉप वळवून दाखवला. पांढरी पाटी, खाली बटणाचं छोटं चित्र, आणि वर हाताएवढ्या काळ्या अक्षरांत एकच ओळ.

'तू मीटिंगमध्ये असशील म्हणून नाही केला फोन.'

"नानांच्या कागदावरचं सतरावं वाक्य," ती म्हणाली. "मॅडम, बाकी काहीच लिहायला नको. सगळं आलं यात. आकडेवाल्याला दाखवलं, तर तो उठून बाहेर गेला आणि आईला फोन करून आला!"

चिमीनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"छान आहे," ती म्हणाली.

"मोठ्या साहेबांनाही आवडलं. सोमवारी तीनशे बसस्टॉपांवर लागेल. छपाईला उद्या चारला द्यायचंय. फक्त एक अडलंय. खऱ्या माणसाचे शब्द आहेत, तर कायदेवाल्यांना त्याची सही हवी. रकान्यात लिहिलंय, 'ग्राहक, पुरुष, एकाहत्तर, फोनवरची मुलाखत.' पण मुलाखतींच्या यादीत असा कोणी सापडत नाही. नोंद तुमच्या अक्षरात आहे. कोण होते हो ते?"

"बघते मी," चिमी म्हणाली. "फॉर्म ठेवून जा."

बाई गेली, आणि चिमी त्या फॉर्मकडे बघत बसली.

कोण होते ते! चार वर्षांपूर्वी तिचे बाबा बाथरूममध्ये पडले. सकाळी नऊला पडले आणि साडेअकराला सापडले, तेही शेजारीण शिडी परत करायला आली म्हणून. मनगट मोडलं होतं. अडीच तास माणूस ओल्या फरशीवर पडून, आणि फोन कुठे, तर सदऱ्याच्या खिशात! चिमी धावतपळत हॉस्पिटलात पोचली. त्या दिवशीही कसलीतरी मंजुरी अडकली होती, कानाला फोन होताच. बाबांचा हात प्लास्टरमध्ये बघून तिचा जीव कासावीस झाला, आणि आपल्याकडे जीव कासावीस झाला की माणूस ओरडतो, तशी ती ओरडली, "खिशात फोन होता ना? मग केला का नाहीत?"

बाबा अगदी साधेपणानं म्हणाले, "तू मीटिंगमध्ये असशील म्हणून नाही केला फोन."

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. चिमीनं एक बोट वर केलं, एक मिनिट म्हणून. बोलणं संपलं, आणि फोन पर्समध्ये टाकण्याआधी तिनं तेच वाक्य त्यात टिपून घेतलं. का? तर वाक्य लाखात एक होतं म्हणून. वीस वर्षं जिचा हात लोकांची वाक्यं टिपतोय, तिचा हात बापाच्या खाटेशी तरी कसा थांबणार? मग नर्स आली, डॉक्टर आले, औषधं झाली. बाबांना काहीतरी म्हणायचं तिच्या मनात होतं. संध्याकाळी म्हणू असं ठरलं. संध्याकाळचं उद्यावर गेलं, आणि तो उद्या काही चार वर्षांत उगवला नाही. त्याच महिन्यात नानांचा कागद तयार झाला. सतराव्या वाक्याशेजारी 'माझे वडील' असं लिहिताना तिला कसंसंच झालं, म्हणून तिनं ग्राहक लिहिलं, आणि फोनवरची मुलाखत. स्वतःच घातलेला नियम, आणि पहिली मोडणारी तीच.

आता सुटकेचा रस्ता सोपा होता. कोणाचंही नाव घालून सही ठोकली असती तर कोण तपासायला बसलंय? पेन तिनं हातात घेतलंही. पण बाबा रोज सकाळी कोपऱ्यावरच्या बसस्टॉपच्या बाकावर अर्धा तास टेकतात, हे तिला ठाऊक होतं. सोमवारी ते तिथे जाऊन बसणार आणि डोक्यामागे त्यांचंच बोलणं हाताएवढ्या अक्षरांत. तिला बाबांसाठी वाईट वाटलं. मग वाटलं, खोटं कशाला बोला, मला माझीच लाज वाटतेय.

गुरुवारी सकाळी दहाला ती बाबांच्या दारात उभी होती.

"तू?" बाबांनी आधी घड्याळ पाहिलं, मग तिला. "बरं आहे ना? ऑफिस?"

"आहे. तुमच्याकडे काम होतं."

"माझ्याकडे काम?" ते हसले. "बस बस. चहा टाकतो."

बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. तीस वर्षं लोकांच्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि अजूनही घरात कुठली वस्तू कुरकुरली की आधी कान लावून ऐकतात. आरशाशेजारच्या खिळ्याला ते बटण टांगलेलं होतं. चिमीनंच आणून दिलेलं, नव्याकोऱ्या दोरीसकट. ती त्याबद्दल काही बोलली नाही, सरळ फॉर्म काढून पुढे ठेवला. बाबांनी चष्मा लावला. वरच्या ओळी वाचल्या, खालच्या वाचल्या, आणि मधल्या चौकटीपाशी थांबले.

"हे मी म्हटलेलं," ते म्हणाले.

"हो."

"हॉस्पिटलात."

"हो, बाबा."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे तू ऐकलं होतंस?"

घरून निघाल्यापासून चिमीनं सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवली होती. न विचारता का घेतलंस, लोकांसमोर का मांडतेस, सगळ्यांची. हा प्रश्न तिच्या यादीत नव्हता.

"मला वाटलं, तुला ऐकूच आलं नाही," बाबा म्हणाले. "तू बोट केलंस, मग फोनवर बोललीस, मग फोनमध्ये काहीतरी लिहायला लागलीस. म्हटलं, कामात आहे पोरगी. पुन्हा काय सांगायचं."

"हेच लिहीत होते मी," चिमी म्हणाली, आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर किती वाईट आहे ते तिला कळलं.

बाबांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांचा स्वभावच नाही तो. उलट तिला बरं वाटावं म्हणून ते बोलायला लागले.

"होतं गं असं. आता लिफ्टचंच बघ. लिफ्ट अडकली की आत घंटीचं लाल बटण असतं. कोणी ते पहिल्यांदा दाबत नाही. आधी सगळे मजले दाबून बघतील, मग दार ढकलतील, मग गप्प उभे राहतील. घंटी वाजली की अख्ख्या इमारतीला कळतं ना! एक बाई पाऊण तास आत उभ्या होत्या. बाहेर काढल्यावर मी विचारलं, घंटी का नाही वाजवलीत? तर म्हणाल्या, तुमची जेवायची वेळ असेल."

आणि काय सांगावं, चिमीचा हात पर्सकडे गेला! वहीसाठी. चोविसावं वाक्य समोर आयतं येऊन बसलं होतं, आणि बाई, तुझा बाप काय बोलतोय, कशासाठी बोलतोय, हे ऐकायचं सोडून तुझा हात वहीकडे? तिलाही ते कळलं. तिनं हात मांडीवर आणून ठेवला आणि दुसऱ्या हातानं दाबून धरला.

"हे कुठे लागणार?" बाबांनी फॉर्मवर बोट ठेवलं.

"बसस्टॉपवर."

"आपल्या कोपऱ्यावरच्या?"

"तिथेही."

"अक्षर केवढं?"

"हाताएवढं."

"मग चष्मा न्यायला नको," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले. टेबलावरचं पेन उचललं, कागद सरळ केला आणि जपून, प्रत्येक अक्षर लावून सही केली. तारीख घातली. फॉर्म तिच्याकडे सरकवला. "घे. कधीपर्यंत द्यायचंय?"

"आज चारला."

"मग नीघ तू. चहाचं राहू दे. तुझं काम अडायला नको."

चिमी फॉर्म घ्यायला वाकली आणि तशीच थांबली. हेच ते. ओल्या फरशीवर अडीच तास पडून राहणं आणि ही सही, दोन्ही एकाच कारणासाठी. तिचं काम अडायला नको. चार वर्षं हे वाक्य तिच्या भिंतीवर होतं, तिनं लोकांना ते समजावून सांगितलं होतं, आणि म्हातारी माणसं फोन का करत नाहीत यावर कंपनीत तिच्याइतकं जाणणारं दुसरं कोणी नव्हतं.

तिनं फोन काढला आणि कॉपी लिहिणारीला लावला. बाबांसमोरच.

"सतरावं वाक्य काढ," ती म्हणाली. "नाही, मिळत नाही परवानगी. ती नोंद खोटी आहे, मी लिहिलेली. कोणी ग्राहक नाही, माझे वडील आहेत. हो, कळलं मला. तीनशे बसस्टॉप आहेत हेही माहीत आहे. तू गेल्या आठवड्यात चटईच्या जाहिरातीसाठी जी ओळ लिहिली होतीस ती लाव. साधी आहे, असू दे साधी. मोठ्या साहेबांना मी सांगते, आणि खात्यालाही काय केलं ते मीच सांगेन. आज नाही, उद्या."

पलीकडून बाई बरंच काही बोलत होती. चिमीनं ऐकून घेतलं, "माझी चूक आहे, तुझी नाही" एवढं म्हणाली आणि फोन ठेवला.

बाबा गोंधळून बघत होते. "अगं, सही केली ना मी?"

"तुम्ही केलीत. मी घेत नाही."

"पण चांगलं आहे ते. तुमची माणसं म्हणाली ना चांगलं आहे? तुझं नुकसान होईल."

"होऊ दे की थोडं!" चिमी म्हणाली, आणि आवाज चढला तसा तो तिचा तिलाच आवरेना. "बाबा, मीटिंग असली तरी करायचा फोन. मोठे साहेब समोर बसलेले असले तरी करायचा. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, हॉस्पिटलात. तिथल्या तिथे. नाही म्हटलं. मला नाही सुचलं, मला ते वाक्य टिपून घ्यायचं सुचलं."

डोळे पुसायला तिला रुमाल सापडेना. बाबांनी आपला काढून दिला. उठून आत गेले, चहाचं आधण ठेवलं, दोन कप काढले. चिमी त्यांच्या मागे जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. चहा उकळेपर्यंत दोघंही भांड्याकडे बघत होती.

खात्याच्या मुलाखतींत एक प्रश्न असतो, चौथा. दोनशे बारा माणसांना तो विचारून झाला होता, निम्म्यांना तर चिमीनं स्वतः. तो कसा विचारायचा हे ती नव्या माणसांना शिकवते: सहज, नजर फार न रोखता, आणि उत्तराला वेळ देऊन. आता तिनं तो विचारला तेव्हा त्यातलं काहीच तिला जमलं नाही.

"बाबा, त्यानंतर पडलात का हो कधी?"

बाबांनी गॅस बारीक केला. चहा गाळला. तिचा कप तिच्या हातात दिला, स्वतःचा घेतला, आणि एक घोट घेतल्यावर म्हणाले, "दोनदा."

चिमीनं कप ओट्यावर ठेवला.

"लिहून नाही घेणार?" बाबांनी विचारलं. यात टोमणा नव्हता, तिची सवय त्यांना ठाऊक होती इतकंच.

"नाही. सांगा तुम्ही. पहिल्यांदा कधी?"

बाबा जरा घुटमळले. सांगावं की नको, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग म्हणाले, "ते तुझं बटण बाजारात आलं ना, त्याचा मोठा कार्यक्रम होता बघ. तू भाषण केलंस. त्या दिवशी."